घर म्हणजे शाळेची दुसरी पाळी नव्हे

शंका-समाधान : प्राथमिक शाळेतल्या मुलांचा घरचा अभ्यास

या वेळची बरीच पत्रं आपल्या शहराच्या एकाच भागातून आली आहेत : पुंडलिकनगर, गजानन महाराज मंदिराचा परिसर आणि गारखेड्याच्या आतल्या गल्ल्या. लिहिणारे बहुतेक वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत जाणारे, दोन खोल्यांत राहणारे आणि पोटाला चिमटा काढून मुलांची फी भरणारे आईबाप आहेत. आपण मुलांना पुरे पडत नाही, ही खंत जवळपास प्रत्येक पत्रात आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

मॅडम, माझी ड्यूटी वाळूजला. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मुलगा तिसरीत आहे. शाळेतून आला की ट्यूशन, ट्यूशनहून आला की होमवर्क. रात्री साडेनऊपर्यंत त्याची आई मागे लागलेली आणि तो रडतोय, हे रोजचंच झालंय. सेकंड शिफ्टला तर मला तो जागा दिसतच नाही. ट्यूशन बदलू का?

ट्यूशन बदलण्याआधी मुलाच्या तासांचा हिशेब मांडा. केंद्र सरकारचं २०२० चं शालेय दप्तर धोरण सांगतं की पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा. पुन्हा वाचा, आठवड्याला दोन तास. तुमच्याकडे तेवढा एका संध्याकाळी होतोय. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. ती पुरी व्हावी म्हणूनच राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. रात्री उशिरापर्यंत रडत वही भरणारं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात नुसतं बसून येतं.

घरी असा क्रम ठेवून बघा. शाळेतून आल्यावर खाणं आणि तासभर खेळ. मग अर्धा तास गृहपाठ, टीव्ही बंद करून. अर्धा तास झाला की वही मिटायची. राहिलं असेल तर आईने वहीत शिक्षकांसाठी लिहावं, 'अर्धा तास नीट बसून एवढं झालं.' चार-पाच वेळा असं लिहून गेलं की शिक्षकांनाही अंदाज येतो. मूल एखाद्या ठरावीक गोष्टीत मागे असेल तर ती भरून निघेपर्यंत शिकवणी लावायला हरकत नाही. शेजारच्यांची मुलं जातात म्हणून लावलेली मात्र बंद करा. आणि शाळेतल्याच शिक्षकांकडे खासगी शिकवणी असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना ती घेताच येत नाही, हेही माहीत असू द्या.

आता तुमचं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात निघताना एक चिठ्ठी ठेवून जा : 'आज वर्गात कोणाला हसू आलं? का?' त्याने खाली दोन ओळी लिहाव्यात आणि तुमच्या झाकलेल्या ताटाजवळ ठेवाव्यात. रात्री तुम्ही वाचायचं आणि खाली उत्तर लिहायचं. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करू नका. तुमच्या उत्तरात तोच शब्द बरोबर लिहा, तो आपोआप बघेल. गृहपाठाच्या वहीत न येणारी गोष्ट इथे येते. आपण लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचणार आहे, हे त्याला ठाऊक असतं.

मुलगी दुसरीत आहे. मराठीच्या पुस्तकातला धडा घडाघडा म्हणते, पण पेपरातली एक ओळ दिली की 'क ला काना का' करत बसते. समजावलं, मारलं, दहा-दहा वेळा धडा लिहून घेतला. काही फरक नाही.

मारणं आजपासून बंद करा. माराच्या धाकाने मुलं धडा पाठ करून मोकळी होतात आणि तुमच्या मुलीने तेच केलं आहे. धडा तिला पाठ आहे, वाचन अजून यायचं आहे.

नेमकं कुठे अडतं ते आधी शोधा. तिला 'कमळ' वाचता येतं ना? मग त्याच अक्षरांचा 'मळका' लिहून द्या. तो वाचला तर अक्षरओळख पक्की आहे. दुसरीतली बरीच मुलं अक्षरांपेक्षा वेलांटी, एक मात्रा-दोन मात्रा आणि जोडाक्षरं इथे अडकतात. तसं असेल तर सबंध बाराखडी पुन्हा घोकून घेण्यात काही अर्थ नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे करा. त्यांवर फक्त क, म, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना लिहा. एवढ्यात कान, नाक, मान, काम, लाल, नाला, काका, मामा इतके शब्द होतात. त्यांचं वाक्यही होतं : 'मामा, कान लाल का?' हे वाचून ती हसली, तर तिने अर्थासकट वाचलं म्हणून समजा. चार दिवसांनी दीर्घ वेलांटी द्या : मी, काकी, नीला. मग एकेक मात्रा आणि नवी तीन-चार अक्षरं. थोडी अक्षरं आणि एखादं चिन्ह घेऊन लगेच शब्द-वाक्यांपर्यंत जायचं, हा या पद्धतीचा गाभा. फलटणला १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवताना अशाच अक्षरगटांवर भर दिला. तुमच्या मुलीच्या शिक्षकांनाही अक्षरगट नवे नसतील. वर्गात सध्या कोणता गट चालू आहे ते विचारा आणि घरी तोच घ्या.

याशिवाय रोज दहा मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचा. ते तिच्या इयत्तेपेक्षा थोडं सोपं असावं. एक वाक्य तुम्ही बोट फिरवत वाचायचं, तेच तिने. तीच गोष्ट तीन-चार दिवस चालू द्या. अडली की मनात पाच अंक मोजा, तरी जमलं नाही तर शब्द सांगून पुढे चला. प्रत्येक शब्दाची फोड करून घेतली तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून वाचता यावेत, हे उद्दिष्ट आहे ते त्यासाठीच. घड्याळ लावून मात्र बसू नका.

पुस्तकं? माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' या वयाला छान आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं खिशाला परवडतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आपल्याच शहरात २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीने स्वतःजवळची पुस्तकं मांडून मोहल्ला वाचनालय सुरू केलं. पुढे रीड अँड लीड फाउंडेशनच्या पुढाकाराने वस्त्यावस्त्यांत अशी बालवाचनालयं उभी राहिली. तुमच्या गल्लीतल्या चार घरांनी पाच-पाच पुस्तकं एकत्र केली तरी वीस पुस्तकं होतात.

आम्ही दोघं मराठी माध्यमातले, मी बारावी. मुलगा इंग्लिश मीडियमला तिसरीत आहे. त्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मलाच समजत नाही. मॅडम म्हणतात घरी इंग्रजी बोला. आम्ही मोडकंतोडकं बोलतो, तो आम्हाला हसतो.

घरी मराठी बोला. भरपूर आणि मोकळेपणाने बोला. मोडक्या इंग्रजीत आईबाप मुलाशी कामापुरतंच बोलतात : कम, सिट, ईट, स्टडी. का, कसं, समजा, नाहीतर, त्यापेक्षा या शब्दांनी होणारा विचार तिथे बंद पडतो. तो विचार मराठीत पक्का झाला की त्याला इंग्रजी शब्द जोडणं सोपं जातं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. माध्यम तुम्ही निवडलेलं आहे, ते बदला असं मी सांगत नाही. घरची बाजू भक्कम करा.

शाळा राज्य मंडळाची असेल तर एक सोपा उपाय आहे. बालभारतीची पुस्तकं वेगवेगळ्या माध्यमांत निघतात आणि त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मुलाच्या धड्याचाच मराठी धडा तुम्ही आदल्या रात्री वाचा. सकाळी डबा, दप्तर चालू असताना त्यावर दोन प्रश्न मराठीत विचारा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढण्याची पद्धत आहे, म्हणजे त्यात तुम्ही रोज पाहता तोच मुलूख असतो. पाण्याचा धडा असेल तर एका रविवारी पाणचक्कीवर जा. डोंगराकडून नहरीने आणलेल्या पाण्यावर चक्की कशी फिरायची ते त्याला तिथेच विचारा. मग आपल्या नळाला पाणी कुठून येतं, पैठणच्या नाथसागरातून इथपर्यंत कसं चढतं आणि रोज का येत नाही, हे बोला. त्यातला तिसरा प्रश्न मुलाला सगळ्यात आधी सुचेल. घरी आल्यावर रिव्हर, डॅम, पाइप, पंप हे शब्द त्याने तुम्हाला शिकवावेत. मग हसणंही थांबेल, कारण शिकवणारा तो असेल.

मुलगी तिसरीत, तीसपर्यंत पाढे तोंडपाठ. पण हातच्याची वजाबाकी हटकून चुकते. 'त्रेचाळीस' लिही म्हटलं की ३४ लिहिते. एवढे पाढे येऊन गणित का येत नाही?

पाढ्यांनी गुणाकार भरभर होतो, पण संख्या कशी बनते ते पाढे सांगत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानावर ४०२ वजा १५८ चं उत्तर तिने ३५६ लिहिलंय. नीट पाहा, तिने आकडेमोड चुकवलेली नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा काढला : आठातून दोन, पाचातून शून्य, चारातून एक. तिच्या लेखी ४०२ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले तीन सुटे आकडे आहेत. अशी पन्नास गणितं घातलीत तरी पन्नासही अशीच चुकतील.

डब्यातले पैसे काढा. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यासमोर ठेवा. तुम्ही दुकानदार, तिने १५८ रुपये नेमके मोजून द्यायचे. आठ सुटे रुपये मागा. तिच्याकडे दोनच आहेत. दहाची नोटही नाही. ती स्वतःच म्हणेल, शंभराची मोड द्या. तिला दहाच्या दहा नोटा द्या. त्यांतली एक मोडून दहा नाणी द्या. आता मोजू द्या : शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि नाणी बारा. बारातून आठ गेले, चार. नवातून पाच गेले, चार. तिनातून एक गेला, दोन. उरले २४४. लगेच तेच वहीत मांडायला सांगा. मधल्या शून्याच्या डोक्यावर नऊ कुठून येतो, हे तिने आता हाताने केलेलं असेल. आठवडाभर रोज एकच गणित असं करा, मग नोटांशिवाय.

त्रेचाळीसची अडचण वेगळी आहे. बोलताना आपण तीन आधी म्हणतो आणि चाळीस नंतर, लिहिताना उलट. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. म्हणूनच मंगला नारळीकर यांच्या समितीने २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं. त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वाद बाजूला ठेवा आणि घरी त्याचा उपयोग करा. 'त्रेचाळीस, म्हणजे चाळीस आणि तीन' असं दोन्ही म्हणवून घ्या, आधी ४ लिहून घ्या, मग ३. सवय झाली की जोडवाक्य आपोआप गळून जाईल. रूढ नावं तिला यायलाच हवीत, बाजारात तीच चालतात.

ताई, मी शाळा शिकले नाही. पुतणी हे लिहून देतेय. भाजीचा गाडा लावते. पोरगा चौथीला आहे. आडाणी आईने त्याचा अभ्यास कसा घ्यावा?

चौथीला अपूर्णांक असतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तुम्ही दिवसभर तोंडी करता. संध्याकाळी अर्धा तास त्याला गाड्यावर घ्या. 'साठ रुपये किलो, पाऊण किलोचे किती?' हे तुम्ही कसं काढता ते त्याला मोठ्याने सांगा : अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा, पंचेचाळीस. मग त्याला विचारा, त्याच्या पुस्तकात हे कसं लिहितात. तो ३/४ लिहून दाखवेल. तेवढ्यासाठी तुम्हाला लिहिता येण्याची गरज नाही. मात्र गाडा त्याच्यावर सोपवू नका, त्याची शाळा आणि खेळ बुडता कामा नये.

रात्री त्याला धडा मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका. न कळलेलं विचारा : 'म्हणजे काय रे?' तुम्हाला खरंच माहीत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तो मनापासून समजावून सांगेल. दुसऱ्याला समजावताना स्वतःचं पक्कं होतं. आणि तुमच्या आईने सांगितलेल्या गोष्टी, म्हणी, उखाणे त्याला सांगा. पुढे निबंध लिहिताना त्याच्या कामी येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांना शिकवताना पानं, खडे, बिया हेच साहित्य वापरलं आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. तुमचा गाडा त्याच जातीचा आहे.

मुलगा पहिलीत, सहा वर्षांचा. 'घ'चा 'ध' करतो, 'भ'चा 'म', आकडे उलटे काढतो. 'तारे जमीं पर' पाहिल्यापासून धास्ती बसली आहे. डिस्लेक्सिया असेल का?

या वयात घ-ध, भ-म, ब-व यांची गल्लत आणि उलटे आकडे सर्रास दिसतात. एवढ्यावरून निदान होत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवताना चुकतो पण जवळच्या पुस्तकातलं बरोबर उतरवतो का? मागून हाक मारली तर वळतो का? शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा हे मुद्दाम सांगा.

अध्ययन अक्षमतेची पडताळणी साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षी करावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याआधी शिक्का मारणारं कुणी भेटलं तर सावध राहा. तोपर्यंत वाळूत, पाटीवर, पिठात मोठी अक्षरं गिरवू द्या आणि एका वेळी एकच जोडी घ्या. आठव्या वर्षानंतरही तोंडी हुशार मूल वाचन-लेखनात फार मागे राहत असेल, तर घाटी रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेत सवलती मिळतात. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

मोबाइलवर अभ्यास करतो म्हणतो. द्यावा का?

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. ते बघायला वीस मिनिटं द्या, पण तुम्ही शेजारी बसा आणि झाल्यावर काय पाहिलं ते सांगायला लावा. एकट्याने, कोपऱ्यात, जेवताना आणि झोपायच्या आधीचा तास नको. हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू करा, नाहीतर चार दिवसही टिकणार नाही.

पालकसभेला जातो, मार्क ऐकतो, परत येतो. तिथे विचारायचं तरी काय?

मार्क कागदावर असतातच. तुम्ही तीन गोष्टी विचारा. माझं मूल न पाहिलेला मजकूर वाचून समजून घेतं का? गणितात नेमकं कुठे अडतं? या महिन्यात घरी आम्ही एकच गोष्ट करायची तर कोणती? तिसऱ्याचं उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्यावरच बोला. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत आता मुलं मागे राहू शकतात, तेव्हा पाचवीपर्यंत थांबून चालणार नाही.

शाळा महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल, तर शिक्षण हक्क कायद्याने तिथे शाळा व्यवस्थापन समिती असायलाच हवी. तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. ही पदं बहुतेक ठिकाणी कागदावर भरलेली असतात. पुढची समिती निवडली जाईल तेव्हा कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढा, शेजारच्या दोन आयांना सोबत घ्या आणि त्या सभेला हजर राहा.